सर आले की बाबा जातात

तीर्थरूप ताईस,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. तुझा गुडघा आता जिना चढू देतो ना? इकडे आम्ही मजेत. (हे वाक्य मागच्या तिन्ही पत्रांत खोटं होतं, आज खरं आहे.)

हिची नोकरी पूल बांधायची, त्यामुळे दर सहा महिन्यांनी आमचं बिऱ्हाड हलतं. म्हणून लेकीला घरीच शिकवायचं ठरवलं, तेव्हा तू मला वेड्यात काढलं होतंस. मी म्हटलं, बंद पडलेली घड्याळं चालू करणाऱ्या माणसाला दहा वर्षांची एक पोर शिकवणं जमणार नाही? नाही जमलं, ताई. घड्याळ निदान ‘पण का?’ असं विचारत नाही. शिवाय घरची शाळा कधी सुटतच नाही. मी जेवताना बटाट्याच्या फोडींवरून अपूर्णांक विचारायचो, आंघोळीला गेली की दाराबाहेरून पाढे. शेवटी पोरीने बटाटा सोडला, मग माझ्याशी बोलणंही सोडलं.

मग हिने तोडगा काढला. शिकवताना मी बूट घालायचे, तोवर मी ‘सर’. चारला बूट काढले की बाबा. आठवडाभर झकास चाललं, पण सर भलताच खडूस निघाला. (इतकी वर्षं माझ्यात कुठे दडून बसला होता, देव जाणे.) मंगळवारी अपूर्णांकांचा भागाकार तिसऱ्यांदा चुकला, तसा तो टेबलावर हात आपटून ओरडला. पोरगी रडली नाही. तिने हात वर केला आणि म्हणाली, “सर, दोन मिनिटं बाबांना बोलवाल? मला त्यांना काहीतरी सांगायचंय.”

बुटाच्या नाडीची गाठ सुटता सुटेना बघ. बाबा आले. तिने कानात सांगितलं, की सर ओरडले की येत असलेलंही आठवत नाही, पण हे सरांना सांगू नका. त्याच दिवशी बूट माळ्यावर टाकले. आता ती माझ्या कामाच्या टेबलाशी स्टूल ओढून बसते. मी घड्याळ उघडतो, ती वही उघडते, अडलं की विचारते, नाहीतर अखंड बडबडते. परवा एका गणितात दोघांचंही उत्तर चुकलं, तर पोट धरून हसली. जीव भांड्यात पडला, ताई.

तुझा,
धाकटा

ता.क. तो भागाकार सरांनाही येत नव्हता. म्हणून तर ते ओरडले. तू पस्तीस वर्षं वर्गात गणितच शिकवलंस. महिनाभर येतेस का?

ता.क. २ लेक म्हणते, मॅडम नको, आत्यालाच बोलवा. लहानपणी तू माझा अभ्यास घ्यायचीस तेव्हा मलाही ताईच हवी असायची. हात वर करून तिला बोलवायचं मला सुचलं नाही, एवढंच.