गोड बोलणाऱ्या बाईंवर पाळत

प्रिय अक्का,

तुला वाकून नमस्कार, भाऊजींना बसून (माझी कंबर एका पत्रात दोनदा वाकत नाही). तुझा खोकला, त्यांचं पथ्य आणि दोघांचं भांडण, तिन्ही जागच्या जागी असतील असं धरून चालतो. अक्षर सुबक दिसलं म्हणून दचकू नकोस, त्याचं कारण शेवटी येईल.

आमच्या गल्लीच्या टोकाला जे कुटुंब आधार केंद्र आहे ना, तिथे कुठेतरी पाणी मुरतंय. आजारपणानंतर तुझ्या भावजयीचा उजवा हात गेला, ती चाकाच्या खुर्चीत बसली, तेव्हापासून आम्ही तिथे जातो. पहिल्याच दिवशी मी दारातून ओरडलो, की नाव कुटुंबाचं आणि पायऱ्या पहिलवानाच्या! वाटलं, नेहमीप्रमाणे 'वर कळवतो' म्हणतील. तर पुढच्या खेपेला तिथे खुर्ची चढवायला उतार बांधलेला! अगं, तक्रार केल्यावर काही झालंय, असं आपल्या सात पिढ्यांत कोणी पाहिलंय का? मी त्या उतारावर पाय आपटून पाहिला. पक्का निघाला. तिथेच माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

तिथल्या बाई (मी त्यांना गोडबोली म्हणतो) येणाऱ्या प्रत्येकाला एकच विचारतात, काय केलं म्हणजे तुम्हाला सोपं जाईल? भांडून आलेल्या जोडप्याला तेच, ऐकू न येणाऱ्या एका बापालाही तेच, फक्त हातांच्या खुणांनी. सगळ्यांना असं सारखं विचारणारं माणूस एक तर संत असतं, नाही तर माहिती काढत असतं. आणि संत पगारावर मिळत नाहीत.

खरी भीती तुला सांगतो. माझे डोळे गेल्यात जमा आहेत, अक्का. समोर माणूस आहे हे कळतं, चेहरा दिसत नाही. डॉक्टर ऑपरेशन करू म्हणतात. पण केंद्राला हे कळलं, तर म्हणतील, म्हातारा आंधळा, म्हातारी लुळी, करा दोघांची दोन संस्थांत रवानगी. हिच्याशी भांडल्याशिवाय माझा एक दिवस गेलेला नाही, आता कसा जाईल? म्हणून मी सगळं दिसत असल्याचं सोंग करतो. केंद्रातल्या भिंतीवरची पाटी हिच्याकडून पाठ करून घेतली आणि परवा बाईंच्या देखत खड्या आवाजात वाचली, 'येथे सर्वांना समान वागणूक मिळेल.' पाटी रंगवायला नेली होती आणि त्या जागी 'स्वच्छतागृह बंद आहे' असा कागद होता, हे हिने चिमटा काढून कानात कळवलं. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "खरंय काका, बंद तर सगळ्यांनाच सारखं आहे." (न हसणारी माणसं फार धोक्याची.)

तर केंद्रातून कोणी तुला विचारलंच, तर ठणकावून सांग, याची नजर घारीची आहे.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. हे पत्र गोडबोलीनेच लिहिलंय. ज्याला लिहायला जमत नाही त्याला तिथे लिहून देतात. हात थरथरतो असं सांगून मी मुद्दाम त्यांनाच बसवलं. म्हटलं, मनात खोट असेल तर स्वतःबद्दलचं गाळतील. नंतर हिने वाचून दाखवलं, एक शब्द गाळलेला नाही, 'गोडबोली'सुद्धा जशीच्या तशी. पण बोलण्याच्या भरात मी डोळ्यांचंही बोलून बसलो. पेन थांबलं. मग पेन पुन्हा चालू झालं, आणि पत्र संपल्यावर बाईंनी एवढंच विचारलं, "ऑपरेशनच्या दिवशी काकूंची खुर्ची तुमच्या खाटेच्या कोणत्या बाजूला लावू?" उजव्या, म्हणालो. हिचा डावा हातच तेवढा चालतो.

ता. ता. क. हा मजकूरही त्यांच्याच हातचा. तरी ऑपरेशनच्या आधी तू येच. इतकं चांगलं वागणाऱ्या माणसांवर लक्ष ठेवायला आमच्याकडे कोणीतरी दिसणारं हवं.