तामाएचा चेहरा कोणी काढायचा

मी, मिझोगुची किनुए, वय चौऱ्याहत्तर, व्यवसाय मांगा, म्हणजे चित्रकथा, काढणे, राहणार नेरिमा, तोक्यो, माझे मृत्युपत्र नोटरी श्री. हिरानुमा यांना सांगून लिहवून घेत आहे. माझा हात थरथरतो, डोके नाही. कोणीही माझ्यावर दबाव आणलेला नाही. तसा माणूस अजून जन्माला यायचा आहे.

कलम १. राहते घर व बँकेतील ठेव माझा भाचा मासाफुमी याला द्यावी. त्याने माझे एकही पुस्तक धड वाचलेले नाही. दर नवीन वर्षाला येऊन तांदळाचे मोची-लाडू खातो आणि विचारतो, "आत्या, तुझी ती चित्रातली पोरगी अजून अकरा वर्षांचीच कशी गं?" मी म्हणते, "आणि तुझी पन्नाशी आली तरी तुला खुनी ओळखता येत नाही, त्याचं काय?" मुलगा प्रेमळ आहे. घर नीट ठेवील.

कलम २. 'स्नानगृहातली तामाए' ही माझी आयुष्याची कमाई. सार्वजनिक स्नानगृहाच्या गल्ल्यावर बसून, लोकांच्या चपला आणि ओले टॉवेल पाहून गुन्हेगार ओळखणारी ही मुलगी मी जन्माला घातली, तेव्हा संपादक श्री. उशिओदा म्हणाले होते, "मुलगी कुठे खुनाचा तपास करते का? मुलगा करा तिचा. नाहीतर साप्ताहिकाच्या वाचकांच्या पसंती-कार्डांत तळाला जाल आणि दहा आठवड्यांत गाशा गुंडाळाल." मी म्हटले, "तिचा मुलगा करायचा असेल तर चित्रंही तुम्हीच काढा." दहाव्या आठवड्यात वाचकांची कार्डे आली आणि तामाए पहिली होती. मला याचा गर्व आहे. नोटरीसाहेब म्हणतात, "बाई, हे कायद्यात बसत नाही." बसवा.

कलम ३. तामाएचे सर्व हक्क, माझे टेबल व निबा माझी सहायक कुमागाई नागिसा हिला द्याव्यात. ती एकोणिसाव्या वर्षी आली ती इथलीच झाली. छपरे, पाऊस, गर्दी सगळे तिच्या हातचे. पण आमच्या स्टुडिओचा दंडक आहे की नायिकेचा चेहरा सेन्सेईने, म्हणजे मुख्य चित्रकारानेच काढायचा. म्हणून शेवटच्या प्रकरणाची सगळी पाने आज शाई भरून तयार आहेत आणि तामाएच्या चेहऱ्याची जागा पानोपान कोरी आहे. माझ्या हाताने ती आता भरणार नाही. नागिसा म्हणते, "सेन्सेई, माझी लायकी नाही." ती नाही म्हणाली तर प्रकाशन कंपनी तामाएला भाड्याच्या हातांकडे सोपवील आणि शंभर वर्षे राबवील. ते मला मान्य नाही. हा दंडक मी मोडत नाही. आजपासून सेन्सेई नागिसा आहे.

कलम ४. साक्षीदारांविषयी. नागिसा गेले आठ दिवस माझ्या मागे लागली होती, "सेन्सेई, साक्षीदार म्हणून मीच सही करते ना." किती गोड! ज्याला मृत्युपत्रातून काही मिळणार आहे त्याला साक्षीदार होता येत नाही, झाला तर मृत्युपत्रच रद्द होते. तामाएच्या लोभी मेहुण्याच्या प्रकरणात हे आम्ही दोघींनी मिळूनच काढले होते. माझीच युक्ती माझ्यावर चालवायला निघाली! मला इतका आनंद कित्येक वर्षांत झाला नव्हता. वारसा टाळायला असा डाव रचणारी बाई तामाएचे डोके चालवू शकते, मग तिचा चेहरा काढायला कसली भीती?

म्हणून साक्षीला मी श्री. उशिओदा यांना बोलावले. ते आनंदाने आले. आपल्याला यातून काहीच मिळू शकत नाही हे त्यांना आत्ता, हे वाचले जाताना कळते आहे.

नागिसाला मी बाहेरच्या खोलीत त्या पानांसमोर बसवले आहे. दार उघडे आहे, तिला सगळे ऐकू जाते. रडणे पुरे, नागिसा. डोळे पूस आणि निब उचल. माझ्या सहीची शाई वाळायच्या आत मला तामाए बघायची आहे.

स्थळ : नेरिमा, तोक्यो. दिनांक : १४ नोव्हेंबर २०१९.

सही व शिक्का : मिझोगुची किनुए

साक्षीदार :
१. उशिओदा कानजी, निवृत्त संपादक
२. होशिना युकिए, शेजारीण