झिऱ्यातली पहिली घागर

धामणझिरा, १२ एप्रिल १९५९

चि. वसंतास थोरल्या बहिणीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

अमरावतीत बंगला बांधून राहिला म्हणतेत, अन् बहिणीले साधं एक कार्ड नाई! तुह्या बायकोले, ताराले सांगजो, वास्तूच्या दिवशी पहिली भरली घागर माह्याच डोक्यावरून आत येईन. बाबानं नदीच्या रेतीत उकरलेल्या झिऱ्याचं पाणी आणीन. विधवेचं पाणी चालत नाई म्हणलं कोणी, तर त्याच्याच टकलावर ओतीन.

पण बाप्पा, झिरा राहीन तवा ना! शहरातले ट्रक नदीतली रेती उपसून नेऊन राहिले. पहिले हातभर उकरलं का पाणी लागे, आता पुरुषभर खोल गेलं तरी वाटीभर. मंगळवारी आमी बाया ट्रकाले आडव्या झालो. एका मजुरानं शेजारच्या शकुनच्या हातावर फावडं हाणलं, हाड मोडलं. म्या गोटा फेकला. काच फुटली, बशीर डायवरचा डोळा रक्तानं भरला. नेम तुले माहीतच हाय माहा.

तू कचेरीत हायस. रेती कोणाच्या घरी जाते, तेवढं पाहून कळव.

लहानपणी लावत होता तेवढा जीव अजूनही लावजो.
तुही मनकर्णाअक्का

अमरावती, १६ एप्रिल

ती. अक्काच्या चरणी वसंताचा नमस्कार.

अक्का, ती रेती माझ्याच घराला येते. ठेकेदाराला मीच हट्टानं सांगितलं, आमच्या गावच्या नदीची आण. वाटलं, गावाचं काहीतरी आपल्या भिंतीत असावं.

बशीरचा डोळा गेला. तुझं नाव पोलिसात जाणार होतं, मी पाया पडून थांबवलं. गिलाव्यापुरता एकच ट्रक सोमवारी येईल. तेवढा येऊ दे, बायांना घरी ठेव.

रागावलीस तरी परकी होऊ नकोस.
वसंता

धामणझिरा, २१ एप्रिल

चि. वसंतास आशीर्वाद.

तुह्यं ऐकलं. कारण न सांगता साऱ्या बायायले घरी बसा म्हणलं. शकुनले सांगाचं राहून गेलं. बाबाच्या झिऱ्यात उतरून ती एका हातानं वाटी वाटी पाणी भरून राहिली होती. ट्रक रेती भराले उलटा, मागं मागं सरकत आला. काठ ढासळला, अन् चाकासकट तिच्या अंगावर. जागीच गेली.

गावानं ट्रक पेटवला. नव्या डायवरले मारून मारून अर्धमेला केला. एक टोला माहाही होता. पोलिस ओसरीवर बसले हायत, चिठ्ठी पुरी होऊ द्या म्हणलं त्यायले.

बशीरच्या घरी तू जाजो. त्याचा डोळा माह्या एकटीच्या माथी. शकुन मात्र आपल्या दोघायच्या.

घागर पाठवून राहिले. शकुनच्या हातातली हाय, तिनंच भरलेली. पाणी लाल दिसन. गाळू नको. तशीच आत घे.

तुहीच,
अक्का