नात्याचा रकाना

प्रिय बुद्धप्रिया,

पाकिटावर ‘उज्वला, औसा’ वाचून ही कोण बाई, असं तुला वाटलं असेल. मी गुरम्मा. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नाव लिहिलं आणि जुनं देगलूरकडे आपल्या गावातच राहिलं. सव्वीस वर्षांत सासरी त्या नावाने मला कुणी हाक मारली नाही.

दिवाळीनंतर नांदेडच्या बसस्टँडवर मी कोसळले आणि डोळे उघडले ते दवाखान्यात. मेंदूत रक्ताची गुठळी होती. तासभर उशीर झाला असता तर उजवा हात गेला असता, असं डॉक्टर म्हणाले. त्याच हाताने हे लिहितेय, अक्षर तेवढं सांभाळून घे. नर्स म्हणाली, तुमच्या बहिणीने आणलं, तुमचे साहेब येईपर्यंत बसून होत्या. मला कुठली बहीण? दुसऱ्या कुणाचं माझ्यावर ढकलतेय, असं समजून मी सोडून दिलं.

मग विमा कंपनीने कागद परत पाठवले. पॉलिसी उज्वलाची, दवाखान्यातली पेशंट गुरम्मा, म्हणजे ही बाई आमची नव्हेच. आमच्या यांना वाटलेलं, गुंगीत मीच माहेरचं नाव सांगितलं. बिलासाठी लेकीच्या, पुनमच्या शिक्षणाची ठेव मोडली होती, तेव्हा रिपोर्ट मागायला नांदेड गाठणं आलं.

रेकॉर्डरूममधले दयानंद भला माणूस. म्हणाले, “ताई, दोन्ही बाया एकच हायत हे मला दिसून राहिलंय, पण कंपनीला कागद लागतो.” त्यांनी भरतीचा फॉर्म काढला. नाव सांगणारीचं लेखी आणा, एका दिवसात काम होईल, म्हणाले. फॉर्मवर तुझं नाव, पत्ता, फोन नंबर, तेच शाळेतलं तिरकं अक्षर. नात्याच्या रकान्यात ‘बहीण’. ते मी दोनदा वाचलं. दयानंदांनी स्वतःची खुर्ची दिली.

तरी तुला फोन केला नाही. इतक्या वर्षांनी पहिला शब्द टाकायचा तो सहीसाठी, हे माझ्याच्याने होईना. शपथपत्र केलं, लग्नाचा दाखला शोधला, नांदेडला आणखी तीन खेटे घातले. हे कुरकुरले, पण आले सोबत. काल दावा मंजूर झाला.

आता तुझ्याकडे माझं काही काम नाही, म्हणून लिहू शकतेय. माझ्या लग्नात तुला आणि तुझ्या आईला, सरजाकाकूंना, पंगतीतून उठवून मांडवाबाहेर बसायला सांगितलं. मी बोहल्यावरून बघत होते. एक शब्द बोलले असते तर लग्न मोडलं नसतं. तुम्ही दोघी उपाशी गेलात. आणि तू मला बसस्टँडवर ओळखलंस, नाव विसरली नव्हतीस, वर तो रकाना असा भरलास. तुझे उपकार फिटायचे नाहीत, फेडायचेही नाहीत मला. येत्या रविवारी तुझ्या घरी जेवायला येतेय. काकूंच्या शेजारी बसेन. वाढायचं की नाही, ते तू ठरव.

तुझीच,
गुरम्मा