गुलाबाच्या मळ्यात

लातूर

अव्वा, तुला माझं शरणु शरणार्थी.

आम्ही इकडं बरे आहोत. तुझे गुडघे कसे आहेत? अप्पा गोळ्या वेळेवर घेतात का?

ह्यांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून हे म्हणायलेत, आता चांगलं दिसायलंय. म्हणून रविवारी सृष्टीला घेऊन औशाच्या वाटेवरच्या गुलाबाच्या मळ्यात गेलो. तिथं आपल्या हातानं फुलं तोडू देतात. ऊन होतं, पण मळा भरून फुलला होता.

सृष्टी म्हणाली, "पप्पा, मला लाल गुलाब द्या."

ह्यांनी चाचपडत एक फूल तोडलं. बोटात काटा रुतला, तरी हसत तिच्यापुढं धरलं. फूल पांढरं होतं. तेव्हा मला कळलं. ह्यांना काहीच दिसत नाही अव्वा. आम्हाला घोर लागू नये म्हणून दिसल्यासारखं करायले होते.

"लाल हाय ना?" ह्यांनी विचारलं.

सृष्टीनं एकदा माझ्याकडं बघितलं. "हाव पप्पा. लई लाल हाय."

मग तिनं ह्यांचा हात धरला. पाण्याच्या पाटाजवळ आल्यावर म्हणाली, "पप्पा, आता आपण दोघं उडी मारू." ह्यांनी तिच्यासोबत उडी मारली.

अप्पांना इतक्यात सांगू नको. तू मात्र जमलं तर ये.

तुझी लेक,
मंजू