तीन उकळ्यांचं पाणी

नंदुरबार, १ ऑगस्ट २०२५

तीर्थरूप आजीस रिषभचा शिरसाष्टांग नमस्कार आणि जय जिनेंद्र.

फोनवर तुला अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं तू मनाने रचतेस, म्हणून लिहून कळवतो. यंदा तुझ्या अठाईला, आठ दिवसांच्या उपासाला, मी खापरला येणार आणि पारण्याचं मुगाचं पाणी मीच पाजणार. माझं रक्त लवकर गोठत नाही म्हणून आईने तेवीस वर्षं तळहातावरच्या फोडासारखं जपलं, एकट्याला कुठे सोडलं नाही. आता गोठवायच्या औषधाचं इंजेक्शन माझं मीच घेतो. दवाखान्यातल्या सुनिता सिस्टरांनी तीनदा समोर घ्यायला लावून पास केलं. आई कुरकुरत का होईना, हो म्हणाली.

दुकानाच्या मालासोबत बन्सीलालभाऊ बर्फाच्या पिशवीत औषधाची दोन खोकी आणतील. फ्रिजच्या मधल्या कप्प्यात ठेव, बर्फाच्या खणात मुळीच नको.

तुझ्या बाट्यांवर डोळा ठेवून असलेला,
रिषभ

खापर, ६ ऑगस्ट

चि. रिषभ यास अनेक आशीर्वाद.

खोकी पोचली. मधल्याच कप्प्यात ठेवली, तेवढी अक्कल आहे मला. उघडून पाहिली तर एका बाटलीत पांढरी पूड, दुसरीत पाणी, आणि वर तारीख गेल्या सालची! अरे, चातुर्मासात उकळलेलं पाणीसुद्धा आपण तीन प्रहरांनंतर पीत नाही, आणि तू वर्षाचं शिळं पाणी अंगात घालणार? दोन्ही खोक्यांतलं पाणी जास्वंदीला घातलं. झाकणं काढताना सुरीचं टोक मोडलं. तू आलास की दोनदा गाळून, तीन उकळ्या देऊन ताजं पाणी भरून देईन. दवाखान्यापेक्षा चोख.

वाट पाहणारी,
आजी दाखूबाई

नंदुरबार, १० ऑगस्ट

तीर्थरूप आजीस शिरसाष्टांग नमस्कार.

तुझं पत्र वाचून आधी पोट धरून हसलो, मग घाबरलो. आजी, उकळलेलं पाणी पोटाला चालतं, शिरेला नाही. जिवावर बेतू शकतं. बाटलीतलं पाणी निर्जंतुक करून सीलबंद केलेलं असतं. तुझ्या भाषेत अचित्त, त्यात जीव नाही. तू वाचलीस ती बनवल्याची तारीख; संपायची तारीख येईतो आणि सील असेतो ते शिळं होत नाही. सिस्टरांचा निरोप आहे की आजीले सांग, तुन्हं पानी चहाले ठेव. पुडीच्या बाटल्या वापरायच्या नाहीत, बन्सीलालभाऊंकडे परत दे. गंमत म्हणजे प्रहर त्यांच्याकडेही आहेत: हे औषध मिसळलं की तीन तासांच्या आत घ्यायचं. तू तीन प्रहर देतेस, त्या एकच!

खोकं उघडू नकोस हे लिहायला मीच विसरलो. पण तुझं पत्र आधी आईच्या हाती पडलं. तिने माझी भरलेली पिशवी रिकामी केली. येणं रद्द. मला फार वाईट वाटतंय.

तुझा हिरमुसलेला,
रिषभ

खापर, १३ ऑगस्ट

चि. सौ. संध्या हिस आशीर्वाद.

चूक माझी, मग शिक्षा पोराला का? साध्वीजींसमोर मी पच्चक्खाण घेतलं आहे की रिषभच्या औषधाला जन्मभर हात लावणार नाही. माझं व्रत कधी मोडलेलं तू पाहिलंस का?

तेवीस वर्षं डोळ्यांत पाणी येऊ न देता तू त्याला टोचलंस. सासू असून मला ते कधी बोलून दाखवता आलं नाही, आज लिहिते. पण उद्या आपण दोघी नसू. नवी खोकी देऊन त्याला पाठव.

रागावलीस तरी आपलीच,
दाखूबाई

खापर, २८ ऑगस्ट

तीर्थरूप आईस रिषभचा नमस्कार.

फोनवर सांगितलं नाही, तू तडक एस.टी. पकडली असतीस. तू अखेर मला पाठवलंस, आणि अठाईच्या चौथ्याच दिवशी साध्वीजी उतरल्या आहेत त्या उपाश्रयाच्या पायरीवर माझा गुडघा आपटला आणि सूज चढू लागली. सिस्टरांना फोन केला, औषध काढलं. आजी हात पाठीमागे धरून समोर बसली आणि सिस्टरांचा कागद वाचत एकेक विचारू लागली, हात धुतलेस का, सील शाबूत आहे का, बाटली हलवत तर नाहीस ना, अलगदच फिरवतोस ना. पहिल्यांदा शीर सापडली नाही. पच्चक्खाण औषधाचं आहे, खांद्याचं नाही, असं म्हणून तिने माझा खांदा धरला. नव्या सुईने दुसऱ्यांदा जमलं. सुया पत्र्याच्या डब्यात टाकल्या, बाटलीवरचा नंबर वहीत लिहिला. संध्याकाळपर्यंत सूज थांबली. आई, तू नव्हतीस आणि तरी जमलं. मला रडूच आलं.

आज पारणं. मुगाच्या पाण्याची वाटी ओठांशी नेली तर आठ दिवसांची उपाशी बाई तोंड घट्ट मिटून बसली. हात धुतलेस का, पाणी कधी उकळलं, कोणी उघडं तर ठेवलं नाही ना, हे सगळं मला विचारलं. उत्तरं बरोबर आली, तेव्हाच तोंड उघडलं.

माया आहे तेवढीच राहू दे, काळजी तेवढी कमी कर.
तुझा,
रिषभ