लाल कागदाखालची नावं

३ मार्च, इपोह
आले एकदाची! अस्थिगृहातली नोकरी म्हटल्यावर क्वालालंपूरच्या मैत्रिणींनी नाकं मुरडली. मुरडू देत. आईच्या अस्थी इथेच आहेत, निदान तिच्याजवळ तरी राहीन. काम साधं: परदेशातल्या मुलांना आईवडिलांच्या अस्थींचा कोनाडा घरबसल्या बघता यावा अशी वेबसाइट बांधायची. रखवालदार चेआहकाकांनी पहिल्याच भेटीत विचारलं, जेवलीस का. आई गेल्यापासून हे मला कुणी विचारलंच नव्हतं.

५ मार्च
डेटाबेस कुठला घ्यायचा, यात दिवस गेला. एक सैल, रकाना रिकामा सोडला तरी कुरकुर नाही. दुसरा शिस्तीचा. मी शिस्तीचा घेतला आणि वर मृत्युतारीख सक्तीची केली. मेलेल्यांच्या यादीत तारीख नको?

९ मार्च
घ्या! काही कोनाडे जिवंत माणसांनीच घेऊन ठेवलेत, माणूस जाईपर्यंत नाव झाकायला वर लाल कागद. त्यांची तारीख कुठून आणू? चाचणीपुरत्या याच महिन्यातल्या, मनाला येतील त्या भरल्या. काका कॉफी घेऊन आले, स्क्रीनवरच्या तारखा पाहून म्हणाले, पोरी, तो कागद उगीच नसतो, यमाला आयतं बोलावणं कशाला धाडतेस? त्यांचंही नाव त्यातच आहे. मी हसण्यावारी नेलं.

१४ मार्च
लाल कागदवाल्या फूंगबाई गेल्या. मी भरलेली तारीख आजचीच. योगायोग असेल.

१७ मार्च
आज लो शिंपी. तारीख मी भरलेलीच.
काकांची परवा आहे. रकाना रिकामा करायला गेले, डेटाबेस ऐकेना. पुढच्या शतकातली तारीख घातली. थोड्या वेळाने पाहिलं तर जुनीच. काकांना सगळं सांगितलं. म्हणाले, यंत्राला काय घाबरतेस वेडे, आधी जेव.

१९ मार्च
सगळी यादी सैल डेटाबेसमध्ये हलवली. तारखाही आल्या सोबत. पुसते, परत येतात —
काका गेले. कॉफी गाळता गाळता.
मीच मारलं त्यांना.

२० मार्च
यादीत शेवटी एक नाव. मी भरलेलं नाही. माझं आहे.
आईच्या कोनाड्याकडे धावले. शेजारची जागा, वर माझं नाव — तिने माझ्यासाठी घेऊन ठेवली होती. मी एकटी पडू नये म्हणून. कधी बोलली नाही.
लाल कागद खाली पडलाय. चिकटवते, राहत नाही. तारीख आजची —
इथे कुणीच नाही. तरी मागून कुणीतरी विचारतंय, जेवलीस का. काकांचा आवाज नव्हे. हा तर —
नाही गं आई, अजून